सत्तावीस की वीस सात?

बँकेत असताना पाहिले आहे, चेकवर अक्षरी रक्कम लिहिताना भलेभले अडखळत. ‘एकोणऐंशी म्हणजे ६९ की ७९?’ असे हळूच विचारणारे पुष्कळ. म्हणूनच २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितावरून गदारोळ उठला, तेव्हा मला हसू आले नाही.

पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ असे वाचन दिले होते. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचा मुद्दा साधा होता. २७ लिहिताना आपण दोन आधी लिहितो, बोलताना मात्र सात आधी येतो. कन्नड-तेलुगूत तसे होत नाही. शिवाय ‘त्र्याण्णव’सारखी जोडाक्षरे कोवळ्या जिभेला जड. जुनी नावे काढलेली नव्हतीच. पण विधानसभेत विनोद झाले आणि मुद्दा वाहून गेला.

वर्गात उरल्या त्या बाई आणि गुरुजी. घरी आजोबा जुनी उजळणी घेणार, पुस्तक नवे सांगणार, मूल गोंधळणार. जाब मात्र बाईंना. आमच्या जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर घरची बोली कोकणा. तिथे पुस्तकी मराठीच आधी शिकवावी लागते, अंक नंतर.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय निघाले आणि २९ जूनला, शाळा भरू लागल्यावर, मागे घेतले गेले. निर्णय बरोबर की चूक, हा वाद वेगळा. पण बदल घरोघरी समजावण्याचे काम शेवटी शिक्षकाच्याच गळ्यात पडते. त्यासाठी त्याला पुरेसा वेळ आणि प्रशिक्षण द्यायला हवे.

आणि आपण? नवे पुस्तक घरी आले, की हसण्याआधी एकदा बाईंना विचारावे.