झोपेची गोळी पुन्हा लिहून घेण्याआधी



आपल्या मोआदोनमध्ये चार ज्येष्ठ एकत्र बसले की गोष्टी आधी साखरेवर, मग गुडघ्यांवर आणि शेवटी झोपेवर येतात. झोपेचा विषय निघाला की कोणीतरी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढते आणि शेजारची बाई तिचे नाव लिहून घेते. मी या देशात तीस वर्षांहून अधिक काळ नर्स म्हणून काम केले, त्यातली पुष्कळ वर्षे रात्रपाळीत. निवृत्त झाले तरी लोक मला अजून विचारतात, "सिस्टर, यातली चांगली गोळी कोणती?"

मला वाटते, हा प्रश्नच चुकीच्या टोकाने सुरू होतो. आपल्या वयात निद्रानाशावरचा पहिला उपाय गोळी नाही. हे माझे एकटीचे म्हणणे नव्हे. अमेरिकेतील फिजिशियन डॉक्टरांच्या संस्थेने, म्हणजे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने, २०१६ साली सांगितले की जुनाट निद्रानाशासाठी सर्व प्रौढांना आधी सवयी आणि विचार बदलण्याचा उपचार द्यावा, औषधाचा विचार त्यानंतर करावा. युरोपातील तज्ज्ञांनी २०१७ साली हेच म्हटले. तरीही आपल्यातले किती जण वर्षानुवर्षे तीच मिर्शाम पुढे चालू ठेवतात! गोळी घेणाऱ्यांना मी दोष देत नाही. आपल्याला समजेल अशा भाषेत, सावकाश बसून, हे कोणी सांगितलेलेच नसते.

वयाबरोबर झोप बदलते

तरुणपणची झोप आता परत येणार नाही, हे आधी मान्य करू या. वय वाढते तशी गाढ झोप कमी होते, झोप हलकी होते, रात्री दोन-तीनदा जाग येते. शरीराचे घड्याळही पुढे सरकते, म्हणून संध्याकाळी लवकर पेंग येते आणि पहाटे चारला डोळे उघडतात. हा आजार नाही. पासष्टीनंतर साधारण सात ते आठ तास झोप पुरेशी मानतात, आणि काहींना त्याहून कमी झोपही पुरते. दिवसा तुम्ही ताजेतवाने असाल, तर पहाटे चारची जाग ही फक्त पहाटे चारची जाग आहे.

निद्रानाश वेगळा. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नाही, मोडते किंवा फार लवकर संपते, असे तीन महिने किंवा अधिक चालते आणि त्यामुळे दिवस वाईट जातो, तेव्हा डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात.

तो का जडतो, याची सोपी मांडणी आर्थर स्पीलमन या अमेरिकन संशोधकाने १९८७ साली केली. काहींचा स्वभावच काळजीचा असतो, ही जमीन. मग एखादी घटना घडते, ही ठिणगी. आपल्याकडे ठिणग्यांना तोटा नाही. जोडीदार जातो, ऑपरेशन होते, नातू सैन्यात जातो. गेल्या काही वर्षांत मध्यरात्री सायरन वाजले आणि म्हाताऱ्या पायांनी ममादकडे धावावे लागले. तेव्हा झोप उडणे अगदी स्वाभाविक होते. पण ठिणगी विझल्यावरही आग चालू राहते, कारण आपण तिला सरपण घालतो. रात्रीची भरपाई म्हणून दुपारी दोन तास झोपतो, रात्री लवकर आडवे होतो, पलंगावर पडून घड्याळ बघतो, आणि मग गोळी. घडलेली घटना आपल्या हातात नसते, सरपण मात्र असते.

साडेआठला अंथरुणात?

आपल्या घराघरात होणारी एक गोष्ट मला फार खटकते. आई-वडिलांना रात्री आठ-साडेआठला झोपवले जाते. कधी मेतापेलेतचा दिवस तेव्हा संपतो म्हणून, कधी मुलांना वाटते की म्हाताऱ्या माणसाला जितका आराम तितका बरा म्हणून. मग आजोबा अकरापर्यंत छताकडे बघतात आणि सकाळी सगळे म्हणतात, यांना झोप येत नाही.

झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे झोपेची भूक. जितका वेळ जागे राहाल, तितकी ती वाढते. दुपारची लांब डुलकी म्हणजे जेवणाआधी खाल्लेला वडापाव. दुसरे म्हणजे मेंदूतले घड्याळ. याबाबत आपल्याच देशात मोलाचे काम झाले आहे. हैफाच्या टेक्निऑनमधील प्रा. पेरेत्झ लावी यांनी १९८० च्या दशकात दाखवले की आपल्या नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास झोप लागायला सर्वांत कठीण असतात. त्यांनी या वेळेला झोपेचा निषिद्ध काळ म्हटले. म्हणजे ज्याचे शरीर अकराला झोपणारे आहे, त्याला साडेआठला पलंगावर घालणे म्हणजे बंद दारावर टकटक करणे.

हिशेबही मांडून बघा. माणूस रात्री नऊ ते सकाळी सहा, नऊ तास पलंगावर असतो आणि त्यात सहा तास झोपतो. उरलेले तीन तास तो कूस बदलतो, आणि मेंदू शिकतो की पलंग ही काळजी करण्याची जागा आहे. गोळी न देणाऱ्या उपचाराचा गाभा इथेच आहे. झोप सहा तासांची असेल, तर पलंगावरचा वेळ साडेसहा-सात तासांवर आणायचा. समजा, रात्री साडेअकराला झोपायचे आणि सकाळी सहाला उठायचे, शब्बाथलाही तीच वेळ. पहिले दोन आठवडे जड जातात. मग झोप घट्ट होऊ लागली की आठवड्याला पंधरा मिनिटे वाढवायची. आपल्या वयात हा वेळ एकदम नव्हे, थोडा थोडा कमी करावा. ज्यांना फिट येतात, ज्यांचा तोल जातो किंवा ज्यांना तीव्र मानसिक आजार आहे, त्यांनी डॉक्टरांशिवाय हे करू नये.

दुसरा नियम रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली सांगितला. पलंग फक्त झोपेसाठी. टीव्ही, मोबाइल आणि हिशेबाच्या वह्या बाहेर. अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठा, खुर्चीत मंद दिव्यात बसा, काहीतरी साधे वाचा, शेमा म्हणा, आणि डोळे मिटू लागले की परत या. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा. उठताना दिवा लावा, चपला घाला, घाई करू नका.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. कॅफीनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणून दुपारी दोननंतरचा चहा बंद. हे आपल्या लोकांना सांगणे कठीण आहे, पण सांगते. सकाळी अर्धा तास बाहेर उजेडात चाला. इथे सूर्याची कमतरता नाही, आणि घड्याळ जागेवर ठेवायला त्यासारखे दुसरे काही नाही. दुपारची झोप तीनच्या आत आणि अर्ध्या तासात उरका. किदूशचा घोटभर वाइन ठीक आहे, पण झोपेसाठी घेतलेला पेग पहिल्या तासात झोपवतो आणि मध्यरात्रीनंतर जागवतो.

गोळीचा खरा हिशेब

आता गोळ्यांकडे येते. बोन्डॉर्मिन, लोरिव्हान, क्लोनेक्स, वाबेन या बेंझोडायझेपीन गटातल्या आहेत. नोक्टुर्नो आणि स्टिलनॉक्स त्यांच्या जवळच्या नातलग. थोड्या दिवसांच्या संकटात त्या उपयोगी पडतात, हे मी नाकारत नाही. पण अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञांची एक यादी आहे, बीअर्स नावाची, १९९१ पासून चालत आलेली. ज्येष्ठांना शक्यतो देऊ नयेत अशी औषधे तिच्यात असतात, आणि हे दोन्ही गट तिच्यात आहेत. कारणे साधी आहेत. वयाबरोबर यकृत औषध हळू काढते, मेंदू त्याला अधिक बळी पडतो. तोल जातो, विसरभोळेपणा वाढतो, रात्री लघवीला उठताना माणूस पडतो. हाडांच्या वॉर्डात मी अशी किती माणसे पाहिली! खुब्याचे हाड मोडून आलेली आजी, आणि पिशवीत झोपेच्या गोळ्या. त्यातल्या काही पुन्हा स्वतःच्या पायांनी स्वयंपाकघरात गेल्या नाहीत.

दुकानात बिनचिठ्ठीने मिळणाऱ्या गोळ्याही निरुपद्रवी नाहीत. डॉक्सिलामीन किंवा डायफेनहायड्रामीन असलेल्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, डोके गोंधळते आणि प्रॉस्टेटच्या पुरुषांची लघवी अडते.

लोक म्हणतात, "वीस वर्षे घेतोय, काही झाले नाही. आता या वयात कशाला सोडायची?" प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की गोळी तीच आहे, पण वीस वर्षांपूर्वीचे शरीर आता तुमच्याकडे नाही. काहींच्या बाबतीत डॉक्टर विचार करून ती चालूच ठेवतील, तेही योग्य असू शकते. पण विचार करून ठेवणे आणि सवयीने चालू राहणे यांत फरक आहे.

एक गोष्ट मात्र ठळक लक्षात ठेवा. हा लेख वाचून आज रात्री गोळी बंद करू नका. अचानक बंद केल्याने झोप पार जाते, घाबरे होते, कधी फिटही येऊ शकते. डॉक्टरांना विचारून, आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या हिशेबाने, पावपाव गोळी कमी करत जायचे असते.

आणि झोप न येण्यामागे दुसरे काही नाही ना, हेही बघायला हवे. मोठ्याने घोरणे आणि मध्येच श्वास थांबणे, संध्याकाळी पायांत मुंग्या येऊन ते हलवावेसे वाटणे, रात्री तीन-चारदा लघवी, दुखणे, मनाची उदासी, या सगळ्यांचे उपचार वेगळे असतात. पाण्याची गोळी संध्याकाळी घेत असाल, तर ती सकाळी घेता येईल का, एवढे विचारल्यानेही कधी रात्र सुधारते.

आपण काय मागायचे

कॅनडातील क्युबेक प्रांतात या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्या सुमारे तीनशे ज्येष्ठांवर एक अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. काहींना फक्त एक पुस्तिका दिली. गोळीचे धोके काय, हळूहळू कशी कमी करायची, हे साध्या शब्दांत. सहा महिन्यांत त्यांच्यातल्या २७ टक्के लोकांची गोळी सुटली. ज्यांना पुस्तिका मिळाली नव्हती, त्यांच्यात फक्त ५ टक्के. हा फरक समजेल अशा भाषेतल्या थोड्या पानांनी पडला.

म्हणून माझी मागणी दोन ठिकाणी आहे. कुपत होलीममध्ये पुढच्या वेळी जाल तेव्हा मुलीला किंवा नातवाला बरोबर न्या आणि चार प्रश्न विचारा. ही गोळी मला अजून लागते का? ती कमी करायची तर कशी? माझ्या इतर औषधांपैकी कोणते झोप मोडते आहे? गोळीशिवायचा झोपेचा उपचार आपल्या कुपात कुठे मिळतो? आणि आपल्या मोआदोनच्या चालकांना माझे सांगणे आहे की सहलीचे आणि गाण्यांचे कार्यक्रम हवेतच, पण आपल्यात आता निवृत्त नर्स, फार्मासिस्ट, डॉक्टर पुष्कळ आहेत. झोपेवर मराठीत चार बैठका आणि चार पानांची पुस्तिका एवढे आपल्याला जमण्यासारखे आहे. हिब्रू ज्यांना बोलता येते पण औषधाचा कागद वाचता येत नाही, त्यांचे त्यात सर्वांत जास्त भले होईल.

कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारी आपली माणसे शनवार तेली म्हणून ओळखली गेली. विश्रांतीची वेळ ठरलेली असते आणि ती पाळावी लागते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तीच शिस्त आता रोजच्या रात्रीला लावायची आहे.