रिक्षावाल्याला बॅज लागतो, डाएटवाल्याला?



माझ्या मुलीचा आजार सर्वांत आधी ओळखला तो दातांच्या डॉक्टरांनी. तिचं वय तेव्हा १६. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजलेली पाहून त्यांनी मला बाहेर बसवलं आणि तिला एवढंच विचारलं : "जेवल्यावर उलटी काढतेस का गं?"

त्याआधी चार महिने आम्ही एका डाएट क्लिनिकमध्ये पैसे भरत होतो. दर शनिवारी वजनकाटा, वजन उतरलं की टाळ्या, आणि सगळ्यांना एकच, झेरॉक्स काढलेला १२०० कॅलरींचा तक्ता. पाळी बंद झालीय म्हटलं, तर "वजन उतरताना होतं असं" हे उत्तर. दातांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली म्हणून रक्त तपासलं. पोटॅशियम २.६. हा आकडा काय सांगतो ते कुठल्याही फिजिशियनला विचारा. त्याच रात्री ती आयसीयूत होती.

त्या डाएट क्लिनिकच्या पाटीवर 'क्लिनिकल न्यूट्रिशनिस्ट' होतं. मागाहून कळलं, शिक्षण तीन महिन्यांच्या ऑनलाइन कोर्सचं. क्लिनिकवाल्या बाईंवर माझा राग नाही. (खरं सांगायचं तर थोडा आहे.) पण पाटी लावताना त्यांना कुणाची परवानगी घ्यावीच लागली नव्हती, त्याला त्या काय करणार?

आपल्याकडे रिक्षा चालवायची तर बॅज लागतो. डॉक्टरला मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेचा क्रमांक लागतो. आहारतज्ज्ञांचं मात्र वर्षानुवर्षं ऐच्छिक चाललं. इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा देऊन 'आरडी' (रजिस्टर्ड डायटिशियन) लावणारे आहेत, कष्टाने लावतात. पण न लावणाऱ्याला कुणी अडवत नाही. काउन्सेलरचंही तेच. २०२१ मध्ये संसदेने या दोघांनाही नोंदणीच्या कक्षेत आणणारा कायदा केला. राज्यांनी सहा महिन्यांत आपापली परिषद नेमायची होती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सरकारांचे कान उपटावे लागले, यावरून काय ते समजा.

पण नुसत्या नोंदणीने भागेल असं मानू नका. खाण्याच्या विकारांतला अॅनोरेक्सिया, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवण्याचा आजार, हा सर्वाधिक जीव घेणाऱ्या मानसिक आजारांपैकी एक, आणि त्यात मरण कधी कधी जेवू घालतानाच येतं. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर खायला दिलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदय दगा देतं. म्हणून पहिले काही दिवस रक्त तपासत, बेताबेताने अन्न वाढवावं लागतं. "घरी नेऊन चांगलं तूप-भात घाला" असं सांगणारा माणूस मायेनेच सांगत असतो. पण हे शिकवलं नसेल, तर पदवी मोठी असूनही घात होऊ शकतो.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये म्हणूनच मूळ पदवीच्या वर खाण्याच्या विकारांचं वेगळं प्रमाणपत्र आहे. मानसोपचार करणारा असो की आहारतज्ज्ञ, त्याने या आजाराचं प्रशिक्षण घ्यायचं, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम करायचं, शिकत राहायचं. यादी लोकांना उघडून पाहता येते.

"एवढ्या अटी घातल्या तर जिल्ह्याच्या ठिकाणी कोण उरेल?" हा प्रश्न मला एका ज्येष्ठ मानसोपचारतज्ज्ञांनीच विचारला. प्रश्न खरा आहे. पण हिंगोलीत किंवा गडचिरोलीत बसलेल्या प्रत्येकाने या आजारात पारंगत व्हावं असं आम्ही म्हणतच नाही. नाडी पन्नासच्या खाली, उठताना चक्कर, बंद पाळी, बोटांच्या सांध्यांवर घट्टे, "आज उपास आहे" हे आठवड्यातून चारदा, एवढं दिसलं की वजनाचा तक्ता बाजूला ठेवून पेशंट पुढे पाठवायचा. एवढं तरी प्रत्येकाला यायलाच हवं. उपचार मात्र शिकलेल्यानेच करावेत.

राज्य सरकारकडे आमचं मागणं असं : आहारतज्ज्ञ आणि समुपदेशकांची नोंदवही कुणालाही मोबाइलवर बघता यावी, नोंदणीशिवाय पाटी लावणाऱ्यावर कारवाई व्हावी, आणि खाण्याच्या विकारांवर उपचार करणाऱ्यांसाठी देखरेखीखालच्या कामाची अट असलेलं वेगळं प्रमाणपत्र सुरू व्हावं. जिममधला 'कोच' पोरांना पावडर आणि उपासाचे वेळापत्रक वाटतो, त्यालाही यातून सूट नको. हा आजार फक्त मुलींचा नाही.

या पत्रकाची मागची बाजू मुद्दाम कोरी ठेवली आहे. मुलाला किंवा मुलीला कुणाकडे नेण्याआधी त्यांचं शिक्षण, नोंदणी क्रमांक, आणि असे किती पेशंट त्यांनी कुणाच्या हाताखाली पाहिले, ते विचारा आणि तिथे लिहून घ्या. विचारल्याचा राग आला, तर फी भरू नका.

— एक आई, पुणे