‘माझा तालुका’ हा निबंध पाठ करून घेऊ नका!



‘माझा तालुका’ या विषयावर तयार निबंध द्या, अशी मागणी दरवर्षी होते. आज तो देणार नाहीये. का देत नाही, तेवढं सांगते.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, डोंगराकडच्या एका छोट्या शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी चौथीला हाच निबंध दिला होता. सतरापैकी चौदा वह्यांमध्ये पहिलं वाक्य एकच: ‘माझा तालुका निसर्गरम्य आहे.’ पुढे कळसूबाई, भंडारदरा, रंधा धबधबा, हरिश्चंद्रगड. सगळं बरोबर होतं आणि सगळं कुठून तरी उतरवलेलं होतं. एका मुलीने मात्र तीनच ओळी लिहिल्या होत्या. ‘आमच्या गावात काही नाही. पाऊस लई पडतो. दिवाळी झाली की आम्ही नारायणगावला कामाला जातो.’

मी काय केलं असेल? ‘लई’ला लाल गोल केला आणि ‘खूप’ लिहिलं. खाली शेरा दिला, ‘निबंध अपूर्ण.’ आज सांगताना लाज वाटते, कारण त्या सतरा वह्यांमध्ये तालुक्याबद्दल खरं काही लिहिणारी ती एकटीच होती.

तिच्या तीन ओळींमध्ये भूगोलही होता आणि अर्थशास्त्रही. पाहा ना. आमच्या तालुक्याच्या पश्चिम टोकाला घाटघर, रतनवाडी ही गावं. सह्याद्रीच्या अगदी कड्यावर. तिथे वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस सहज पडतो. तिथून पन्नासेक किलोमीटरवर अकोले गाव, तिथे साधारण पाचशेच्या आसपास. एकाच तालुक्यात दहापट फरक! पर्जन्यछायेचा प्रदेश ही व्याख्या आपण पाठ करून घेतो, पण मुलांच्या एसटीच्या रस्त्यावरच ती पसरलेली आहे, हे सांगत नाही.

आणि एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये याच डोंगरातल्या बाया हंडे घेऊन का फिरतात? हा प्रश्न कोणत्या गाईडमध्ये आहे? उत्तर मुलांच्या पायाखाली आहे. काळा कातळ, वर मातीचा पातळ थर, तीव्र उतार. पाणी मुरत नाही, पळतं. पळून जातं कुठे? रतनगडाजवळ उगम पावलेली प्रवरा ते भंडारदऱ्याला नेते. हे धरण इंग्रजांच्या काळात, 1926 मध्ये पूर्ण झालं. खाली आता निळवंडे धरण आहे. तिथून पाणी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे जातं. 1950 साली प्रवरानगरला उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना आपल्याला पुस्तकातून माहीत असतो. त्या भागातल्या उसामागे याच नदीचं पाणी आहे.

इथे एक काळजी घ्यायची. खालच्या भागातला शेतकरी वाईट, असं मुलांच्या डोक्यात भरायचं नाही. त्या कालव्यांनी दुष्काळी भागातली हजारो घरं उभी केली. पण आपल्या डोंगरावर पडलेलं पाणी कुठे जातं, त्यावर काय पिकतं आणि आपल्या वाट्याला काय येतं, हा हिशोब दहा वर्षांच्या मुलाला नक्की समजतो. तो त्याने विचारायलाच पाहिजे.

आता तिची तिसरी ओळ. आमच्याकडे शेती मुख्यतः पावसावरची. भाताची आवणी, नागली, वरई. भात निघाला की शेतात काम नाही. मग माणसं नारायणगावच्या मजूर बाजारात जाऊन उभी राहतात, टोमॅटो-द्राक्षाच्या मळ्यांत राबतात. उन्हाळ्यात काही घरं बाळहिरडा गोळा करून चार पैसे करतात. हे सगळं मुलांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. आपण मात्र हजेरीपटावर गैरहजेरी मांडतो आणि फळ्यावर लिहितो, ‘लोकांचा मुख्य व्यवसाय शेती आहे.’

मला वाटतं, खरा धोका इथेच आहे. तयार निबंध पाठ करणारं मूल नकळत दोन गोष्टी शिकतं. एक, माझा तालुका म्हणजे पर्यटक येऊन बघतात तेवढाच. दोन, माझ्या घरचं जगणं लिहिण्याच्या लायकीचं नाही. ‘आमच्या गावात काही नाही’ हे वाक्य तिला कोणी शिकवलं? आपणच ना?

याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी घरात जपलेल्या गावरान बियाण्यांची बँक उभी राहिली आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. देवगावच्या राघोजी भांगरे यांनी सावकार आणि इंग्रजांविरुद्ध बंड केलं, 1848 मध्ये त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. ‘काही नाही’ म्हणणाऱ्या मुलांना ही माणसं आधी भेटली पाहिजेत, महाबळेश्वर नंतर आलं तरी चालेल.

मग करायचं काय? मी आता निबंध देत नाही, चार प्रश्न देते. तुमच्या घरी पाणी कुठून येतं आणि पुढे कुठे जातं? आजीच्या लहानपणी शेतात काय पिकायचं, आता काय पिकतं? गावातली माणसं कामाला कुठे जातात, कोणत्या महिन्यात? गावातलं कोणतं काम फक्त इथल्याच माणसाला येतं? पंधरा दिवस देते. मुलं घरी विचारतात, वर्गात सांगतात, मग लिहितात. ‘लई’ असेल तर राहू देते.

एक पथ्य मात्र पाळते. कोणाच्या घरची अडचण वर्गासमोर उघडी पडू नये. म्हणून प्रश्न ‘तुझे वडील कुठे जातात’ असा नाही, ‘गावातली माणसं कुठे जातात’ असा विचारायचा.

‘मॅडम, एवढा वेळ कुठून आणायचा? परीक्षेत तर पाच मार्कांना येतं,’ असं काही जण म्हणतील. खरं आहे. पण यात परिसर अभ्यास, भाषा आणि थोडं गणितही होऊन जातं. वेगळा तास लागत नाही.

पालकांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. मुलाने प्रश्न विचारला की मोबाइल पुढे करू नका. पाच मिनिटं बसा, तुमच्या विहिरीची, बांधाची, पहिल्या मजुरीची गोष्ट सांगा. अकोले नसेल, तुमचा माण असेल, जत असेल, मोखाडा असेल. प्रश्न हेच राहतील, उत्तरं तुमची असतील.

ती मुलगी आता सहावीत आहे, दुसऱ्या शाळेत. तिची ती वही मी परत मागून घेतली होती, माझ्या कपाटात आहे. ‘अपूर्ण’ हा शेरा मी खोडलाय.