आपण सुवार्ता सांगतो, हे लपवू नये




मिशन रविवारच्या मिस्सानंतर आमच्या चर्चच्या आवारात चहा घेताना एक जण मला म्हणाले, "सर, हे सुवार्ता-बिवार्ता आता जरा कमीच बोलायला पाहिजे. दिवस बरे नाहीत. कोणी विचारलं तर सांगायचं, आम्ही फक्त सेवा करतो." आजूबाजूच्या चार माना हलल्या. मी तेव्हा काही बोललो नाही, पण घरी आल्यावर चैन पडेना, म्हणून हे पत्र.

'फक्त सेवा' हे अर्धेच खरे आहे, आणि आपले शेजारी काही दूधखुळे नाहीत. शाळा, दवाखाना आपण का चालवतो हे त्यांना ठाऊक आहे. पोप सहावे पॉल यांनी 1975 साली लिहून ठेवले आहे की सुवार्ता सांगणे हेच ख्रिस्तसभेचे मूळ काम. मग शेजाऱ्यासमोर ते नाकारणे म्हणजे सरळ खोटे बोलणे. आमच्या बुऱ्हाणपुरात कोण आपली श्रद्धा लपवतो? दरगाह-ए-हकीमीला लांबलांबचे बोहरा भाविक येतात, गुरुद्वाऱ्यात लंगर चालतो, नवरात्रात इच्छापूरच्या देवीची वाट माणसांनी भरून जाते. आपणच तेवढे कोपऱ्यात का उभे राहायचे?

आता दुसरी बाजू, आणि ती आपल्याच लोकांना लागेल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये बजावले की कोणावर श्रद्धेची सक्ती करू नये, आमिष दाखवू नये. मध्य प्रदेशचा पहिला धर्मस्वातंत्र्य कायदा आला तो 1968 साली, म्हणजे तीन वर्षांनी. आमिष वाईट हे आपल्याला कलेक्टर कचेरीतून कळायला नको होते. तरी "प्रार्थनेला या, दुखणं जाईल, कर्ज फिटेल" असे सांगणारे आपल्यात आहेत. मला त्याची लाज वाटते.

आमिषाचा विषय निघाला की मला पणजी आठवते. आमचे घराणे मूळ नगरकडचे. आजोबा रेल्वेच्या कामाने इकडे आले आणि इथलेच झाले. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे 1899-1900 मध्ये, पणजी दोन पोरांना घेऊन मिशनच्या दारात गेली. तिथे भाकरी मिळाली आणि पुढे बाप्तिस्माही. "तुम्ही पोटासाठी बाटलेले" हे मी लहानपणी ऐकले आहे. ती नक्की कशासाठी गेली हे मी कसे सांगू? भुकेल्याला भाकरी देणे पाप नाही, भाकरीच्या बदल्यात त्याचे नाव मागणे पाप आहे. त्या दिवशी दारात काय घडले हे मला माहीत नाही. पण दुष्काळ सरल्यावरही पणजी रोज संध्याकाळी जपमाळ घेऊन बसत असे, हे आजोबांनी पाहिले होते.

सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात निकाल दिला की राज्यघटनेच्या 25 व्या कलमात धर्मप्रसाराचा हक्क आहे, पण दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. आपल्या लोकांना हा निकाल टोचतो. मला तो निम्मा पटतो, कारण कोणी कोणाचे धर्मांतर करूच शकत नाही. रेव्हरंड टिळकांचेच बघा (ते प्रॉटेस्टंट, पण मराठी ख्रिस्ती माणसाला ते परके नाहीत). त्यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला 1900 मध्ये. एवढा मोठा कवी, पण स्वतःच्या बायकोला त्याला ओढून आणता आले नाही. त्या आल्या त्या स्वतःच्या मनाने.

न्यायालयाने न पाहिलेली निम्मी बाजू हीच. ज्याचे मन वळले, त्याच्या हक्काचे काय? आपल्या राज्याच्या 2021 च्या कायद्यात लिहिले आहे की धर्म बदलायचा तर 60 दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवा. सक्ती किंवा आमिष नव्हते, हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. पण वडिलांच्या धर्मात परत जाणे मात्र धर्मांतर धरलेच जात नाही. म्हणजे दार एकाच बाजूने उघडते. आमच्याकडे प्रौढाला बाप्तिस्म्याआधी महिनोन् महिने शिकवतात, पारखतात, त्यामुळे थांबण्याची आपल्याला अडचण नाही. पण माणसाने आपल्या मनातली गोष्ट आधी सरकारी कचेरीत का सांगायची?

कायद्यावर एवढे बोललो, आता स्वतःचे सांगतो. 1986 च्या सुमारास आठवीतल्या एका मुलाची आई दवाखान्यात होती. वडील लूमवर कामाला. मी रोज शाळा सुटल्यावर आईला बघून येत असे. एक दिवस वर्ग रिकामा झाल्यावर तो म्हणाला, "सर, मला तुमच्यासारखं ख्रिस्ती व्हायचंय. काय करावं लागतं?"

मी हसून म्हणालो, "आधी दहावी पास हो."

अज्ञान मुलाला, आईबापांना न विचारता बाप्तिस्मा मिळणार नव्हताच, आणि ते योग्यच. पण त्याने विचारलेल्याचे साधे उत्तर द्यायला मला कोणत्या कायद्याने अडवले होते? मी घाबरलो. नोकरीला, लोकांना, उगाच होणाऱ्या बोभाट्याला. पुढे कितीतरी वर्षे मी त्यालाच 'दुसऱ्याच्या धर्माचा आदर' म्हणत आलो.

तो मुलगा आता पन्नाशीचा आहे, केळीचा व्यापार करतो, घरी दहा दिवसांचा गणपती बसवतो. गेल्या उन्हाळ्यात मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. बोलता बोलता म्हणाला, "सर, तुम्ही तेव्हा हसण्यावारी नेलंत. मग मी परत कोणाला विचारलं नाही." तक्रार म्हणून नव्हे, सहज म्हणाला.

मी त्याला बसवून घेतले आणि येशू माझा कोण, हे अर्धा तास सांगितले. त्याने सगळे नीट ऐकले. मधे दोन प्रश्नही विचारले. मग चहा संपवला, पाया पडला आणि म्हणाला, "लग्नाला लवकर या सर, अक्षता तुमच्या हातून पडल्या पाहिजेत."

— एक निवृत्त शिक्षक, बुऱ्हाणपूर