कार्डाचे दोन टक्के कुणाच्या खिशातून?



दरवर्षी १ नोव्हेंबरला आपण काळ्या फिती लावून रस्त्यावर उतरतो. आमच्या भाषेत परिपत्रके द्या, आमच्या भाषेत सातबारा द्या, कायद्याने जे आमचे आहे ते आम्हाला द्या, असे सरकारला ठणकावून सांगतो. लाठ्यांना आपण कधी भ्यालो नाही. पण त्याच सुमारास दिवाळीच्या खरेदीला बाजारात गेलो, दुकानदाराने स्वाइप मशीन पुढे सरकवत "कार्डाला दोन टक्के जादा पडतील हं" असे म्हटले, की आपण मुकाट मान हलवतो. सरकारपुढे वाघ आणि गल्ल्यापुढे गाय, अशी आपली गत आहे. तिच्याविषयी आज चार कडू शब्द लिहायचे आहेत.

आम्ही बँकेत कारकून आहोत, त्यामुळे पहिला दोष आमच्याच पदरात घेतो. मागच्या वर्षी आमचे शाळेतले गुरुजी काउंटरवर आले. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. नवा फ्रिज घेतला होता, किंमत ४०,००० रुपये. पेन्शनच्या खात्यात तेवढी शिल्लक नव्हती म्हणून २०,००० रुपये रूपे डेबिट कार्डावर आणि २०,००० रुपये क्रेडिट कार्डावर दिले. पासबुकात मात्र २०,४०० खर्ची पडले होते आणि क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटलाही २०,४००. गुरुजींनी विचारले, "अरे, हे आठशे रुपये कसले रे?" आम्ही मान वर न करता म्हणालो, "कार्डाचे असतात गुरुजी तेवढे." गुरुजी "बरं" म्हणून गेले. ज्यांनी आम्हाला शेकडेवारी शिकवली, त्यांनाच आम्ही चुकीची शेकडेवारी सांगून परत पाठवले. हे सरळ सरळ खोटे होते, आणि ते खोटे आहे हे आम्हाला कळायला हवे होते.

आता खरा हिशेब पाहू. कार्ड मशीनवर फिरवले की दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही. त्याची बँक त्यातून काही टक्के कापून घेते. आमच्या धंद्यात त्याला एमडीआर म्हणतात. त्यातला मोठा वाटा ज्या बँकेने ग्राहकाला कार्ड दिले तिला जातो, काही व्हिसा, मास्टरकार्ड, रूपे अशा कार्ड कंपनीला आणि उरलेला मशीन देणाऱ्या बँकेला. हा दुकानदाराचा धंद्याचा खर्च आहे, जसे दुकानाचे भाडे, विजेचे बिल, नोकराचा पगार. साडी घेताना "ट्यूबलाइटचे पाच रुपये वेगळे" असे कुणी म्हटले तर आपण हसू. कार्डाचे दोन टक्के मात्र आपण गंभीरपणे देतो.

गुरुजींच्या आठशे रुपयांतले पहिले चारशे घ्या. रूपे डेबिट कार्डावर आणि यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे. सरकारने २०१९ साली कायद्यात तशी तरतूद केली. म्हणजे त्या २०,००० रुपयांवर दुकानदाराला बँकेला एक पैसाही द्यायचा नव्हता. तरीही त्याने चारशे घेतले. जो खर्च झालाच नाही तो वसूल केला, याला व्यापार म्हणत नाहीत. आता दुसरे चारशे घ्या. क्रेडिट कार्डावर एमडीआर आहे, तो दोन टक्के धरून चालू. दुकानदाराला ४०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ७२ रुपये पडले. ते ७२ रुपये नोंदणीकृत व्यापाऱ्याला इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळतात. ४०० रुपये तो आयकराच्या हिशेबात धंद्याचा खर्च म्हणून दाखवतो. आणि तेच ४०० ग्राहकाकडूनही घेतो. एकाच आंब्याचा रस दोनदा काढण्याचा हा प्रकार आहे.

यातली खरी मेख पुढेच आहे. गुरुजींचे बिल ४०,००० रुपयांचेच होते. मशीनच्या दोन चिठ्ठ्यांवर मिळून रक्कम ४०,८००. हे आठशे रुपये बिलात कुठेच नव्हते. म्हणजे वस्तू परत करायची वेळ आली तर परतावा ४०,००० चा. मालापोटी ग्राहकाकडून जी रक्कम घेतली ती बिलात दाखवून तिच्यावर कर भरायचा असतो. बिलाबाहेर घेतलेला पैसा हा ग्राहकाला आणि सरकारला, दोघांनाही अंधारात ठेवून घेतलेला पैसा असतो.

यावर नियम काय सांगतो? सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना परिपत्रक पाठवून स्पष्ट सांगितले की डेबिट कार्डाने पैसे देणाऱ्या ग्राहकाकडून दुकानदाराने टक्केवारीने जादा शुल्क घेणे समर्थनीय नाही, बँक आणि दुकानदार यांच्यातल्या करारात ते बसत नाही आणि अशा दुकानाशी बँकेने संबंध तोडावेत. डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकात एमडीआरचे नवे दर ठरवताना पुन्हा बजावले की डेबिट कार्डाचा हा भार ग्राहकावर टाकला जाणार नाही याची जबाबदारी बँकेची. क्रेडिट कार्डाबाबत रिझर्व्ह बँकेने एवढे थेट लिहिलेले नाही. तिथे आधार आहे तो बँकेने दुकानदाराशी केलेल्या कराराचा आणि कार्ड कंपन्यांच्या नियमांचा. कार्डाने पैसे देणाऱ्याला जादा आकार लावू नये, अशी अट त्यात सर्वसाधारणपणे असते. "पाचशेच्या खाली कार्ड चालणार नाही" ही पाटीही अशीच. किमान रकमेची अट व्हिसा आणि मास्टरकार्ड यांना आपल्याकडे मान्य नाही.

मग हे चालते कसे? आमच्या बँकांमुळे चालते. दुकानदाराचे चालू खाते आमच्याकडे असते, त्याची उलाढाल आमच्या शाखेच्या टार्गेटमध्ये मोजली जाते. गुरुजींचे पेन्शन खाते कशात मोजले जात नाही. तक्रार आली की शाखा म्हणते मशीनचा विभाग वेगळा, मशीनचा विभाग म्हणतो शाखेत द्या. २०१३ च्या परिपत्रकात संबंध तोडायला सांगितले होते. आमच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढ्या कारणावरून कुणाचे मशीन काढून आणलेले आम्ही पाहिले नाही. तेरी भी चूप, मेरी भी चूप.

व्यापारी बांधवांची बाजूही आम्हाला ठाऊक आहे आणि ती खोटी नाही. सोन्यावर सराफाला सुटणारा नफा बारीक असतो. लाखाच्या बिलावर दोन हजार रुपये बँकेने कापले तर घडणावळीतून काय उरणार? किराणावाल्याचेही तेच. रिझर्व्ह बँकेने डेबिट कार्डाच्या दरावर मर्यादा घातली, क्रेडिट कार्डाच्या दरावर घातली नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर सगळ्यांना मशीन घ्यायला भाग पाडले, पण मशीनचा खर्च कुणी सोसायचा हे धड ठरवले नाही. जानेवारी २०१७ मध्ये पेट्रोलपंपवाल्यांनी याच एका टक्क्यावरून कार्डे नाकारण्याचा इशारा दिला, तेव्हा सरकारला धावपळ करावी लागली होती. ती ताकद पंपवाल्यांच्या संघटनेत होती, गल्लीतल्या दुकानदारात ती नाही. हे सगळे मान्य.

पण त्याचे उत्तर गुरुजींचा खिसा हे नव्हे. युरोपीय संघाने काय केले ते पाहा. डिसेंबर २०१५ पासून त्यांनी आधी बँकांचा वाटा बांधला, ग्राहकांच्या क्रेडिट कार्डावर ०.३ टक्के, त्याहून जास्त नाही. मग जानेवारी २०१८ पासून अशा कार्डांवर ग्राहकाकडून जादा आकार घेण्यास बंदी केली. आधी दुकानदाराला दिलासा, मग ग्राहकाला संरक्षण. आपल्याकडे क्रेडिट कार्डाच्या बाबतीत दोन्ही अर्धवट. तेव्हा व्यापारी बांधवांनी भांडायचे असेल तर बँकेशी आणि रिझर्व्ह बँकेशी भांडावे. दर कमी करून घ्यावा, आपण त्यांच्या पाठीशी उभे राहू. रोखीला किंवा यूपीआयला सवलत द्यायची असेल तर तशी पाटी दर्शनी भागात लावावी आणि सवलत बिलात लिहावी. उघडपणे दिलेली सवलत हा सचोटीचा व्यवहार आहे. मशीनवर गुपचूप वाढवलेला आकडा हा नव्हे.

आता भाषेचा मुद्दा, कारण तो आपल्यासाठी वेगळा नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांत म्हटले होते की कार्डाच्या अटी सोप्या भाषेत असाव्यात, आणि शक्यतो इंग्रजी, हिंदी व स्थानिक भाषेत. या 'शक्यतो' शब्दात सगळी मेख आहे. बेळगावात बँकेच्या लेखी स्थानिक भाषा एकच, आणि ती आपली नव्हे. परिणामी येळ्ळूरचा शेतकरी किंवा वडगावचा विणकर इंग्रजी कागदावर फुली केलेल्या जागी सह्या करतो आणि आपण कशाला मान्यता दिली हे त्याला कळत नाही. ज्याला अटी वाचता येत नाहीत त्याला हक्कही सांगता येत नाहीत. भाषेचा हक्क आणि पैशाचा हक्क वेगळे नाहीत ते असे. आपण चळवळीत जे पंधरा टक्क्यांच्या भाषिक अल्पसंख्याकांचे निकष सांगतो ते सरकारी कागदांपुरतेच का? बँकांपुढेही ही मागणी ठेवली पाहिजे.

तोवर प्रत्येकाने करायचे ते एवढेच. मशीनवरचा आकडा बिलाशी ताडून पाहिल्याशिवाय पिन घालू नये. जादा मागितले तर वाद न घालता "हे बिलात लिहून द्या" म्हणावे. निम्मे जण तिथेच माघार घेतात. बिल नाकारणे हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथेत मोडणारा प्रकार आहे. तरीही घेतलेच तर बिल आणि मशीनची चिठ्ठी दोन्ही जपून ठेवावीत. ज्या बँकेचे मशीन आहे तिचे नाव चिठ्ठीवर बहुधा असतेच. त्या बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. दुकानदाराविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे दाद मागता येते, खरेदी कोल्हापूरला किंवा पणजीला झाली असली तरी.

शेवटचा मुद्दा सगळ्यात अवघड, म्हणून शेवटी ठेवला. हे दोन टक्के आपल्याकडून फक्त परके घेतात असे नाही. घेणारी बरीच दुकाने आपलीच आहेत. गणेशोत्सवाची वर्गणी तीच देतात, मोर्चाच्या दिवशी शटर तीच खाली ओढतात, या पत्रिकेच्या मागच्या पानावर जाहिराती त्यांच्याच असतात. त्यामुळे "आपल्याच माणसाविरुद्ध कसे लिहायचे" असे काही मंडळी म्हणतील. आमचे उत्तर असे की गुरुजीही आपलेच माणूस आहेत, आणि त्यांना जाहिरात द्यायची ऐपत नाही. चळवळ पैशावाल्या आपल्या माणसाला सांभाळणार आणि पेन्शनवाल्या आपल्या माणसाला विसरणार असेल, तर तिच्यावर पुढची पिढी विश्वास ठेवणार नाही.

म्हणून संघटनेच्या येत्या बैठकीत तीन ठराव मांडावेत, अशी आमची विनंती आहे. एक, या पत्रिकेत जाहिरात देणाऱ्या प्रत्येक दुकानाने "कार्डावर जादा आकार नाही" अशी मराठी पाटी लावावी. दोन, क्रेडिट कार्डाच्या एमडीआरवर मर्यादा घालावी आणि क्रेडिट कार्डावरही जादा आकारास स्पष्ट बंदी करावी, असे निवेदन रिझर्व्ह बँकेला पाठवावे. त्यावर व्यापारी आणि ग्राहक दोघांच्याही सह्या असाव्यात. तीन, कार्डाच्या मुख्य अटी आणि ग्राहकाचे हक्क यांचे एक पानी मराठी पत्रक संघटनेने छापून घरोघर द्यावे. मजकूर लिहून द्यायचे काम आम्ही पत्करतो.

गुरुजींची डेबिट कार्डाची तक्रार आम्हीच लिहून दिली आणि उशिरा का होईना, ४०० रुपये परत आले. क्रेडिट कार्डाचे ४०० अजून अडकले आहेत. पहिले चारशे हातात पडले तेव्हा गुरुजी म्हणाले, "पैशाचं जाऊ दे रे, पण तेव्हा तू मला खोटं का सांगितलंस?" त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे त्या उत्तराची सुरुवात समजावी.