उल्लेखांची मोजदाद

गौतम देसिराजू यांचा जन्म 1952 साली मद्रासला झाला, पदवी मुंबईच्या सेंट झेवियर्सची आणि संशोधनाची तीन दशके हैदराबाद विद्यापीठातली. सुप्रामॉलिक्युलर रसायनशास्त्रातील, म्हणजे रेणूरेणूंमधील दुर्बळ बंधांच्या अभ्यासातील, त्यांच्या 1995 च्या निबंधाचा उल्लेख हजारो शोधनिबंधांनी केला आहे. ही मोजदाद खोटी नव्हे. पण ती मोजते काय? ‘सिंथॉन’ ही संज्ञा ई. जे. कोरी यांनी 1967 मध्ये रेणू घडविण्याच्या संदर्भात योजिली होती. देसिराजूंनी ती स्फटिकात नेली. तेथे रेणू एकमेकांना कसे धरून राहतात हे सांगण्यासाठी वापरली. आम्हां तौलनिक अभ्यासकांना मोलाचे वाटावे असे हे अर्थांतर आकड्यात मात्र दिसत नाही. मैलापूरच्या कुप्पुस्वामी शास्त्री संशोधनसंस्थेत संस्कृत टीकाग्रंथ वाचणाऱ्यास यात नवल वाटू नये. पूर्वपक्षही उद्धृत होतोच, पण खंडनासाठी. गणनेला मात्र मंडन आणि खंडन सारखेच. रसायनज्ञाच्या पदरात हा हिशेब निदान पडतो तरी. भारतीय भाषांच्या अध्यापकांची योग्यता त्याच मापाने ठरवू पाहणाऱ्यांनी एवढेच सांगावे, की एखाद्या मराठी निबंधाने तमिळ ग्रंथाची घेतलेली दखल त्यांच्या कोणत्या सूचीत नोंदली जाते?