बॅगपाइप जगला, सनई का थकली?

दरवर्षी २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात ‘बीटिंग रिट्रीट’चा सोहळा होतो. लष्कराची पाइप बँड पथके बॅगपाइप वाजवीत संचलन करतात आणि दूरचित्रवाणीपुढे बसलेला प्रेक्षक भारावून जातो. त्याच दिवसांत लग्नसराई सुरू असते. खामगाव, चिखली, मेहकरच्या रस्त्यांवरून वराती निघतात. त्यांत सनई-डफड्याची जागा आता डीजेच्या भिंतींनी घेतली आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले वाद्य भारतीय लष्करात मानाने नांदते आणि बुलडाणा जिल्ह्यातला सनईवाला मात्र सुपारीची वाट पाहत बसतो, ही विसंगती विचार करायला लावणारी आहे.

वस्तुतः ही दोन वाद्ये परस्परांची चुलत भावंडेच म्हणावी लागतील. दोन्हींत दुहेरी पत्ती फुंकरीने कंप पावते आणि निमुळत्या नळीतून स्वर उमटतो. सनईवादक गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेतो व स्वर अखंड ठेवतो. बॅगपाइपमध्ये तेच काम काखेतली पिशवी करते. सनईच्या जोडीला दुसरा वादक सूर धरतो. बॅगपाइपमध्ये खांद्यावरच्या नळ्या तो सूर धरतात. उत्तराखंडात हेच वाद्य ‘मशकबीन’ या नावाने लग्नकार्यात रुळले. तेव्हा प्रश्न परके-आपले असा नाही. एक वाद्य टिकते आणि दुसरे मागे पडते, ते कशामुळे, हा खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर वाद्याच्या गोडव्यात नसून त्यामागे उभ्या राहिलेल्या संस्थांमध्ये आहे. हायलँड बॅगपाइपला ब्रिटिश पलटणींनी नोकरी दिली आणि पलटणींबरोबरच तो भारतात आला. पुढे १९४४ मध्ये ग्लासगोत ‘कॉलेज ऑफ पायपिंग’ सुरू झाले. आज स्कॉटलंडमध्ये या वाद्यात पदवीही घेता येते. आयर्लंडचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. तेथील ‘इलन पाइप्स’ हे कोपराने भाता दाबून वाजवायचे वाद्य. १९६८ मध्ये वादकांनी स्वतःची संघटना स्थापन केली, तेव्हा देशात शंभर वादकही उरले नव्हते. संघटनेने वर्ग चालविले, जुन्या वादकांचे ध्वनिमुद्रण केले, वाद्य घडविणारे कारागीर तयार केले. २०१७ मध्ये युनेस्कोने या कलेचा मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात सनईशी नाते सांगणारे ‘बोंबार्ड’ असेच पथकांच्या आश्रयाने तरले.

आपल्याकडेही याला पुरावा आहे, आणि तो याच जिल्ह्यात आहे. शेगावहून आषाढीसाठी गजानन महाराजांची पालखी पंढरपूरकडे निघते, तेव्हा टाळ-मृदंगाला वादकांची वाण पडत नाही. कारण वारी टिकली, शिकविणारे टिकले आणि त्या वाद्याला प्रतिष्ठा आहे. सनई-डफड्याला नेमकी हीच प्रतिष्ठा आपण नाकारली. मंगलकार्यात वाद्य हवे, पण वाजविणाऱ्याची पंगत वेगळी, असा हा व्यवहार होता. ही वाद्ये प्रामुख्याने दलित जातींच्या वाट्याला आली आणि जातीची खूण बनली. त्या अपमानाला कंटाळून एखाद्या कुटुंबाने सनई खाली ठेवली असेल, तर त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

म्हणूनच ‘परंपरा जपा’ असा कोरडा उपदेश वादकांना करून चालणार नाही. स्कॉटलंडमध्ये बॅगपाइप कोणत्याही घरातले मूल शिकते. म्हणून तो कोणाची पायरी ठरवीत नाही. सनईचेही तसेच व्हावयास हवे. प्रजासत्ताक दिनानिमित्त होणाऱ्या राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धेत पाइप बँडसाठी मुलांचे आणि मुलींचे स्वतंत्र गट आहेत. मग राज्यपातळीवर सनई, संबळ, डफडे यांच्या शालेय पथकांची स्पर्धा का असू नये? वयोवृद्ध कलावंतांना राज्य सरकार मानधन देते, ते आवश्यकच आहे. परंतु मानधन हा उतारवयाचा आधार झाला, कलेचे भवितव्य नव्हे. त्याच वादकांना शाळांमध्ये मानाने, ठराविक वेतनावर शिकविण्यासाठी बोलावले, तर कलावंत आणि कला दोघेही उभे राहतील.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० पासून अस्तित्वात आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. तिची काटेकोर अंमलबजावणी झाली, तर डीजेला आवर बसेल. मात्र रिकामी झालेली जागा सनईला आपोआप मिळणार नाही. त्यासाठी वाजविणाऱ्याला आधी सन्मानाने पंगतीत बसवावे लागेल. विजय चौकातल्या बॅगपाइपला टाळ्या देताना एवढे भान आपण ठेवले, तरी पुरे.